एअरबॅग उघडल्यावर डोळ्याला झालेली इजा : माझा अनुभव आणि काही प्रश्न

सड्यावरची | ८ जुलै, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. डाव्या डोळ्याने अजून फार वेळ स्क्रीन बघवत नाही, म्हणून हे दोन दिवस थोडं थोडं करून लिहिलं आहे. लांब झालंय, पण कृपया वाचा.

१३ जूनला संध्याकाळी रत्नागिरीहून शाळा सुटल्यावर पावसकडे घरी येत होते. मृगाची मोठी सर येऊन गेली होती, रस्त्यावर लाल चिखल उतरलेला. वळणावर अचानक गुरं समोर आली. ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि जांभ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणाच्या भिंतीवर आदळली. वेग चाळीसच्या आसपास असेल. सीटबेल्ट लावलेला होता. त्यानंतर आठवतं ते एवढंच : सुतळी बॉम्बसारखा आवाज, तोंडावर जोरात थप्पड बसावी तसा फटका आणि गाडीभर पांढरा धूर. मला वाटलं गाडी पेटली.

वाडीतली माणसं धावत आली. धूर नव्हता, ती एअरबॅगमधली पावडर होती. डावा डोळा मिरची गेल्यासारखा झोंबत होता. एका आजींनी कळशीभर पाणी आणून दिलं, मी चार ओंजळी डोळ्यावर मारल्या. तेवढ्यात कुणी म्हणालं, डोळ्याला मार लागलाय, पाणी लावू नका. कुणी गुलाबपाणी आणायला धावलं. मी थांबले.

त्याच संध्याकाळी एका दवाखान्यात दाखवलं. बॅटरी मारून डोळा पाहिला, लाली आहे म्हणाले, थेंब दिले आणि घरी पाठवलं. सकाळी उठले तर डाव्या डोळ्यासमोर तांबूस धुकं. आरशात पाहिलं, बुबुळाच्या खालच्या भागात रक्ताची रेषा साचलेली, बाटलीत तळाशी काकवी दिसते तशी. मग रत्नागिरीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डोळ्यात रक्त साकळलंय, प्रेशर वाढलंय, बुबुळावर ओरखडाही आहे असं निदान झालं. उशाला तीन उशा घेऊन आठ दिवस अर्धवट बसून काढले. रक्त विरलं.

आणि बरं वाटायला लागल्यावर दहाव्या दिवशी काळे ठिपके दिसू लागले, कडेला वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. आंबा घाट चढून कोल्हापूरला गेलो. डोळ्याच्या आतल्या पडद्याला (रेटिनाला) दोन ठिकाणी चीर होती. त्याच दिवशी लेझर केलं.

मला विचारायचंय ते असं. गाडी घेताना एअरबॅग किती आहेत ते आम्ही विचारलं, पण ती उघडल्यावर डोळा तपासून घ्यायचा असतो हे कुणीच कसं सांगितलं नाही? पुढे आयुष्यभर काय काळजी घ्यायची? आणि मिस्टर म्हणतात, नव्या गाडीत एअरबॅग बंदच करून घेऊ. ते बरोबर आहे का?

---

चाकरमानी | ८ जुलै, रात्री ९.५२

ताई, वाचतानाच पोटात खड्डा पडला. दर शिमग्याला आणि गणपतीला आम्ही ठाण्याहून संगमेश्वरला गाडीनेच येतो. एअरबॅग म्हणजे उशी, असंच मी समजत होतो. मऊ उशीने पडद्याला चीर कशी पडते?

---

खाडीकिनारी | ८ जुलै, रात्री ११.३०

सड्यावरची ताई, मी नेत्रतज्ज्ञ आहे, दक्षिण रत्नागिरीत बावीस वर्षं काम करतोय. तुमचा डोळा मी तपासलेला नाही, त्यामुळे तुमच्या उपचारांबद्दल तुमचे डॉक्टर सांगतील तेच खरं. बाकी सगळ्यांसाठी लिहितो.

चाकरमानी, ती उशी होते ती फुगून झाल्यावर. फुगत असताना ती उशी नसते. टक्कर झाल्यापासून साधारण ३० ते ४० मिलिसेकंदांत, म्हणजे एका सेकंदाच्या पंचविसाव्या-तिसाव्या भागात, ती पूर्ण भरते. बाहेर येताना तिच्या कापडाचा वेग ताशी दोनशे-तीनशे किमीच्या घरात असतो. डोळ्याचं रक्षण करायला निसर्गाने पापणी दिलीय, पण पापणी मिटायला १०० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागतो. म्हणजे बॅग येते तेव्हा डोळा उघडाच असतो. आपण घाबरून डोळे मिटले असं माणसाला नंतर वाटतं, पण ते मिटलेले असतात फटका बसून गेल्यावर.

फटका बसला की डोळा समोरून मागे दाबला जातो आणि आडवा फुगतो. पाणी भरलेला फुगा तळहाताने दाबून पाहा. या ताणाने बुबुळाच्या मुळाशी असलेल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, तेच ते रक्त. ताण मागे पोचला तर पडद्याच्या कडेला चीर पडते. भिंग जागचं हलू शकतं, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी त्यात मोतीबिंदू होऊ शकतो. सगळ्यात जास्त दिसतो तो बुबुळावरचा ओरखडा, आणि तो बहुतेक वेळा बरा होतो. डोळा फुटणं क्वचित होतं, पण होतं.

आता पावडर. बऱ्याच एअरबॅगमध्ये, विशेषतः जुन्या, सोडियम अझाइड नावाचं रसायन पेटून नायट्रोजन वायू तयार होतो आणि त्याने पिशवी भरते. मागे जे अवशेष राहतात त्यात कॉस्टिक सोड्याच्या जातीचे क्षार असतात. नव्या गाड्यांत रसायनं बदलली आहेत, तरी जी धूळ उडते ती डोळ्याला त्रास देणारीच. क्षार हा आम्लापेक्षा डोळ्याला वाईट. आम्लाने वरचा थर गोठतो आणि आत जायची वाट बरीचशी बंद होते. क्षार पेशींमधली चरबी विरघळवत आत जात राहतो. पानात खायचा चुना डोळ्यात गेलेली मुलं दर वर्षी आमच्याकडे येतात. जात तीच, तीव्रता बहुतेक वेळा कमी.

म्हणून पहिलं औषध पाणी. विहिरीचं, नळाचं, बाटलीतलं, जे स्वच्छ पाणी हाताशी असेल ते. एखाद-दुसरा हबका मारून थांबायचं नाही, अर्धा तास धार धरायची. पापणी उघडी धरून, नाकाच्या बाजूने कानाच्या बाजूला पाणी वाहू द्यायचं. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुता धुता काढून टाकायची. गुलाबपाणी, दूध, मध, तूप काही घालायचं नाही. दवाखान्यात लिटमसच्या पट्टीने क्षार शिल्लक आहे का ते पाहतात, तो असेल तर पुन्हा धुतात. आजींनी आणलेली कळशी हाच त्या संध्याकाळचा योग्य उपचार होता.

एकच सावधगिरी. डोळ्यातून काही बाहेर आल्यासारखं दिसत असेल, बाहुली गोल न राहता थेंबासारखी ओढलेली दिसत असेल किंवा डोळ्यात काच घुसली असेल, तर डोळ्यावर कसलाही दाब नको. चोळायचं नाही, घट्ट पट्टी बांधायची नाही, घुसलेलं काही उपसायचं नाही. कागदी कपाचा तळ कापून डोळ्याभोवतीच्या हाडावर टेकेल असा चिकटवायचा आणि थेट ऑपरेशनची सोय असेल तिथे न्यायचं. वाटेत खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते.

बाकीचं उद्या.

---

देवगडचो | ९ जुलै, सकाळी ७.१५

बाय, वाचून जीव हळहळलो. आमच्या काकांचा असाच झाला हुता. कणकवलीच्या पुढे हायवेवर गाडी डिव्हायडरार चढली, काका पुढच्या सीटवर. बॅग फुटली नि तोंडार इली. मोतीबिंदूचा ऑपरेशन झाल्लो डोळो. दोन दिवस कोणाक काय सांगूक नाय, सूज आसा, जायत, म्हणत ऱ्हवले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, एका बाजून पडदो ओढल्यासारख्या दिसता.

पुढचा सगळ्यांका कळाक होया म्हणान साध्या मराठीत लिहितंय. पडदा सुटला होता. कोल्हापूरला ऑपरेशन झालं आणि पडदा जागेवर दाबून धरायला डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला. पंधरा दिवस पालथं झोपून होते. आम्ही त्यांना चार दिवसांत घरी देवगडला आणलं. दहाव्या दिवशी तपासणीला परत घाट चढायला लागलो तर वर पोचेपर्यंत डोळा ठणकायला लागला, काका कळवळले. डॉक्टर म्हणाले, समुद्रसपाटीवरून वर आलात, हवेचा दाब कमी झाला, बुडबुडा फुगला, डोळ्यातलं प्रेशर वाढलं. आम्हाला विमानात बसू नका एवढंच सांगितलं होतं. विमानाशी आमचा काय संबंध? घाटाचं कुणी बोललं नव्हतं.

आमच्या सगळ्या मोठ्या दवाखान्यांची वाट घाटावरून जाते. म्हणून सांगतंय, डोळ्यात गॅस सोडला असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा की घर समुद्राजवळ आहे, ये-जा घाटातून आहे. त्यानंतर आम्ही बुडबुडा विरेपर्यंत घाटावरच पाहुण्यांकडे राहिलो.

---

सड्यावरची | ९ जुलै, दुपारी १.०५

देवगडचो, बरं झालं लिहिलंत. मला फक्त लेझर झालं, गॅस नाही. पण हे कुठेच वाचलं नव्हतं. काकांची नजर आता कशी आहे?

---

देवगडचो | ९ जुलै, दुपारी १.४०

पेपरातली मोठी अक्षरं वाचतात. बाजारात एकटे जातात. पूर्वीसारखी नाय, पण हा.

---

खाडीकिनारी | ९ जुलै, रात्री १०.२०

देवगडच्या दादांनी मांडलेला मुद्दा अगदी खरा आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, आणि वाटेतला घाटमाथा त्याहून वर. गॅस असताना दुसरं कुठलंही ऑपरेशन करायची वेळ आली तर भूल देणाऱ्यांनाही सांगायचं, कारण भुलीसाठी वापरतात त्या नायट्रस ऑक्साइड वायूने बुडबुडा झपाट्याने मोठा होतो. बरेच सर्जन यासाठी मनगटावर पट्टी बांधून देतात. ती बुडबुडा जाईपर्यंत काढू नका.

आता सड्यावरची ताईंचा प्रश्न, पुढे काय. डोळ्यात रक्त साकळलं की पहिल्या आठवड्यात, विशेषतः दुसऱ्या ते पाचव्या दिवसात, पुन्हा रक्तस्राव व्हायचा धोका असतो आणि तो पहिल्यापेक्षा जास्त असू शकतो. म्हणून डोकं उंच ठेवून विश्रांती, वाकून कामं नकोत, आणि दुखतंय म्हणून मनाने अॅस्पिरिन किंवा ब्रुफेनसारख्या गोळ्या नकोत. हृदयासाठी अॅस्पिरिन चालू असेल तर ती स्वतःहून बंदही करू नका, दोन्ही डॉक्टरांना विचारा.

रक्त विरलं म्हणजे संपलं असं लोकांना वाटतं आणि इथेच आमच्याकडे माणसं हरवतात. बुबुळाच्या कडेला एक कोन असतो, डोळ्यातलं पाणी तिथून वाहून जातं. मोरीची जाळी समजा. फटक्याने तो कोन फाटलेला असेल तर जाळी हळूहळू बुजते आणि प्रेशर वाढतं. हा काचबिंदू पाच वर्षांनी येऊ शकतो, पंधरा वर्षांनीही. दुखत नाही, लाल होत नाही, कडेची नजर गुपचूप जाते. रक्त विरल्यावर साधारण चार ते सहा आठवड्यांनी कोनाची तपासणी करतात, तिला गोनिओस्कोपी म्हणतात. डोळ्यावर एक विशेष भिंग ठेवून आत बघायचं, पाच मिनिटांचं काम, थेंब टाकून डोळा बधिर केलेला असतो. ती जरूर करून घ्या. कोन फाटलेला निघाला तर वर्षातून निदान एकदा प्रेशर बघायचं, आयुष्यभर.

आणि पडदा. बाहुली मोठी करायचे थेंब घालून कडेपर्यंतचा पडदा पाहिल्याशिवाय एअरबॅगचा मार लागलेल्या डोळ्याला कुणी ठीक म्हणू नये. बॅटरी मारून ते दिसत नाही. रक्तामुळे आत दिसत नसेल तर सोनोग्राफी करतात. ताज्या मारात डोळा दाबून तपासता येत नाही, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा बोलावलं जातं. तेव्हा बरं वाटतंय म्हणून लोक येत नाहीत. सड्यावरची ताई ठिपके दिसताच गेल्या, म्हणून चीर चिरेवरच थांबली. पाणी त्या चिरेतून मागे शिरलं असतं तर काकांसारखं झालं असतं.

---

चष्मिश | १० जुलै, सकाळी ८.३०

डॉक्टर, माझं २०१७ मध्ये लॅसिक, म्हणजे चष्मा घालवायचं ऑपरेशन झालंय. रोज कुडाळ ते सावंतवाडी गाडीने जातो. मला जास्त धोका आहे का? आणि आईला जाड चष्मा आहे, ती गाडीत चष्मा काढून बसते, फुटून काच डोळ्यात जाईल म्हणून.

---

खाडीकिनारी | १० जुलै, दुपारी ३.१५

लॅसिकमध्ये बुबुळाचा वरचा पापुद्रा बिजागरीसारखा उघडून परत ठेवलेला असतो. तो वरवर चिकटतो, पण मूळच्या बुबुळासारखा पूर्ण सांधला जात नाही. एअरबॅगच्या फटक्याने असा पापुद्रा सरकल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत, ऑपरेशनला काही वर्षं झाल्यानंतरच्याही. अपघातानंतर नजर अंधुक झाली, खूप दुखलं तर त्याच दिवशी दाखवा आणि लॅसिक झालंय हे आधी सांगा. लवकर गेलात तर पापुद्रा उचलून, खालची बाजू धुऊन परत बसवता येतो. नेत्ररोपण झालेल्यांना आणि पूर्वीच्या मोठ्या टाक्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनवाल्यांना जुनी जखम उकलण्याचा धोका असतो.

आईंनी चष्मा काढू नये. काचेची भिंगं असतील तर पॉलिकार्बोनेटची करून घ्या, ती सहसा फुटत नाहीत. तालुक्याच्या दुकानातही मागवून मिळतात.

---

शंकासुर | १० जुलै, रात्री ८.४५

सगळं वाचलं. मग सरळ विचारतो. चाळीसच्या वेगात, बेल्ट लावलेला असताना, गडग्यावर आपटून ताईंना कदाचित छातीला मुका मार लागला असता, बास. डोळ्याचं हे सगळं एअरबॅगने केलं. आमच्या गावातल्या रस्त्यांवर कुणी शंभरने जात नाही. मग एअरबॅग बंद ठेवली तर चूक काय? मी वाद घालायला म्हणून लिहीत नाही. माझी आई चार फूट आठ इंच आहे, तिची काळजी वाटते.

---

गॅरेजवाला_चिपळूण | १० जुलै, रात्री १०.०५

शंकासुरभाऊ, अठरा वर्षं गाड्या उघडतोय, मला बोलू द्या.

एअरबॅग वेग बघून उघडत नाही, झटका बघून उघडते. भक्कम भिंतीवर ताशी वीस-पंचवीसने सरळ गेलात तरी तेवढा झटका बसतो. जांभ्याचा गडगा भिंतच. म्हणजे चाळीसला तिने उघडायलाच पाहिजे होतं. ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीची आहे, पुढच्या प्रवाशाची त्यानंतर २०२१ मध्ये झाली. ती काढायची, वायर तोडायची हे काम कुणी प्रामाणिक मेकॅनिक करणार नाही. अर्धवट छेडलेली एअरबॅग कामाच्या वेळी उघडत नाही आणि दुरुस्तीला बसलेल्या माणसाच्या तोंडावर उघडू शकते.

पण ती डोळ्याला लागू नये म्हणून गाडीत काय करायचं ते सांगतो, ते कुणी सांगत नाही.

स्टेअरिंगच्या मधल्या भागापासून छातीच्या हाडापर्यंत निदान २५ सेंमी अंतर हवं. टेप घेऊन मोजा. बुटक्या माणसांना पॅडल लांब पडतं म्हणून ती सीट पार पुढे ओढतात आणि छाती स्टेअरिंगला लागते. सीट पुढेच ठेवावी लागत असेल तर पाठ थोडी मागे कलती करा, सीट उंच करा आणि स्टेअरिंग खाली झुकवा, म्हणजे बॅग तोंडावर न येता छातीवर येते. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर. वर बारावर हात ठेवून चालवणाऱ्याचा हातच बॅग त्याच्या तोंडावर फेकते, मनगटातल्या घड्याळासकट.

बेल्टचा आवाज बंद करायला लोक नुसती क्लिप घुसवतात. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना त्या काढून टाकायला लावल्या, तरी अजून लोकांच्या गाड्यांत दिसतात. गाडीला वाटतं बेल्ट लावलाय, आणि ब्रेक लागताच माणूस पुढे झुकलेला असतो. बॅग फुगत असतानाच तोंड तिच्यावर जातं. बेल्ट तुम्हाला मागे धरतो आणि फुगून झालेल्या बॅगेवर नेतो, सगळा फरक तिथे आहे.

पुढचा लोखंडी बुल गार्ड काढा. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने राज्यांना त्यांच्यावर कारवाई करायला सांगितलंय. गार्डमुळे झटका सेन्सरपर्यंत वेगळ्या पद्धतीने पोचतो आणि बॅग उशिरा उघडू शकते. उशिरा म्हणजे तोंड जवळ आल्यावर.

आणि चिपळूणकर म्हणून एक. २२ जुलै २०२१ च्या पुरात इथे किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते सगळ्यांना माहीत आहे. एअरबॅगचा मेंदू बहुतेक गाड्यांत गिअरजवळ, अगदी खाली असतो. पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून पुढे विकल्या गेल्या. जुनी गाडी घेताना चावी ऑन करा. एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागतच नसेल किंवा लागून राहत असेल तर ती गाडी घेऊ नका.

---

चाकरमानी | ११ जुलै, सकाळी ९.२०

गॅरेजवालेभाऊ, मनापासून धन्यवाद. माझी गाडी सेकंडहँड, २०१२ ची आहे. त्या जपानी ताकाता कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण आपल्याकडे होतं का?

---

गॅरेजवाला_चिपळूण | ११ जुलै, दुपारी १२.५०

होतं. जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि भारतातही काही कंपन्यांनी बोलावल्या. ताकाताने गॅस तयार करायला अमोनियम नायट्रेट वापरलं होतं. दमट आणि उष्ण हवेत वर्षानुवर्षं राहून ते खराब होतं, मग जास्त जोरात पेटतं आणि धातूची डबीच फोडतं. त्याचे तुकडे चेहऱ्यात, मानेत, डोळ्यात घुसतात. दमट आणि उष्ण म्हणजे आपलीच हवा. कंपनीचं पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जातं, तुम्हाला कळणार नाही. तुमच्या कंपनीच्या साइटवर चॅसिस नंबर टाकून बघा. बदलून फुकट देतात.

---

चाकरमानी | १४ जुलै, रात्री ८.०५

नंबर टाकला. माझ्या गाडीचं नाव यादीत आलं. अधिकृत सर्व्हिस सेंटरला गुरुवारची वेळ मिळाली आहे. तोवर गाडी बंद.

---

खाडीकिनारी | १४ जुलै, रात्री १०.४०

चाकरमानी, फार बरं केलंत.

शंकासुर, तुमच्या काळजीला उत्तर द्यायचं राहिलं. एअरबॅग आपल्याकडच्या गाड्यांत सर्रास येण्याआधीची काही वर्षं मी काम केलंय. तेव्हा हायवेवरच्या अपघातातले डोळे यायचे ते काचेने फाटलेले, बेल्ट नसलेल्या माणसांचे, कित्येकदा दोन्ही. त्यातले बरेच आम्हाला वाचवता आले नाहीत. चेहऱ्याची हाडं, डोकं, ते वेगळंच. एअरबॅगचे म्हणून येतात त्यांतल्या बहुतेकांची नजर परत येते. अमेरिकेतही १९९० च्या दशकात जोरदार एअरबॅगने लहान मुलं आणि बुटकी माणसं दगावली, म्हणून १९९८ च्या मॉडेलांपासून कमी जोराच्या बॅगा आल्या. बंद केल्या नाहीत, सुधारल्या. तुमच्या आईंना गाडी चालवायची नसेल तर मागे बसवा, बेल्ट लावून. बारा वर्षांखालच्या मुलांनाही मागेच.

---

शंकासुर | १५ जुलै, सकाळी ६.५०

डॉक्टर, पटलं. बेल्ट मात्र आईच्या गळ्याला लागतो, त्यासाठी काहीतरी बघतो. तिला मागे बसवायला तीच तयार होत नाही, पुढे बसल्याशिवाय उलटी होते म्हणते. निदान सीट पूर्ण मागे सरकवून घेतो.

---

माती_आणि_रंग | २ ऑगस्ट, रात्री ११.१५

उशिरा लिहितोय, कारण सध्या आमच्या गणपतीच्या शाळेत दिवसरात्र काम चालू आहे. कुडाळकडे आमची तिसरी पिढी मूर्ती घडवते. हा धागा वाचला आणि झोप लागेना.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी लोक गाड्या घेऊन येतात. घरातला कर्ता माणूस पुढच्या सीटवर बसतो, आम्ही पाटासकट मूर्ती त्याच्या मांडीवर देतो. पाटामुळे बेल्ट लागत नाही, म्हणून बेल्ट कुणी लावत नाही. मूर्तीचा मुकुट त्या माणसाच्या हनुवटीपाशी येतो. कधी बाजूला नातू. मी स्वतः शेकडो जणांच्या मांडीवर अशा मूर्ती दिल्या आहेत. समोर डॅशबोर्डमध्ये एअरबॅग असते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ती उघडली तर शाडूची दहा-बारा किलोची मूर्ती, पाट, सगळं त्या माणसाच्या तोंडावर येणार. डॉक्टर, मी चुकीचा विचार करतोय का?

---

खाडीकिनारी | ३ ऑगस्ट, सकाळी ७.४०

अजिबात चुकीचा नाही. जवळजवळ महिनाभर या धाग्यावर लिहितोय, मलाही हे सुचलं नव्हतं, आणि मी दर वर्षी असाच मांडीवर गणपती घेऊन येतो. एअरबॅग आणि माणूस यांच्यामध्ये काहीही नको. मूर्ती नको, फणस नको, मूल तर नकोच. डॅशबोर्डवर चिकटवलेली छोटी मूर्ती किंवा मोबाइलचा स्टँड हेही बॅगेच्या झाकणावर असेल तर गोळीसारखे उडतात.

---

देवगडचो | ३ ऑगस्ट, सकाळी ९.००

पण देवाक मागे कसो बसवतलास? आमच्याकडे म्हातारी माणसा ऐकाची नाय.

---

माती_आणि_रंग | ३ ऑगस्ट, रात्री १०.३०

दादा, माझ्या आजोबांच्या काळी मूर्ती डोक्यावरून न्यायचे, मळ्यांमधून, चालत. मांडीवर घ्यायची पद्धत गाडी आल्यापासूनची आहे, शास्त्रातली नाही. मागच्या सीटवर पाट सपाट बसेल अशी खाली घडी घातलेली गोधडी, दोन्ही बाजूंनी दोन माणसं बेल्ट लावून. देव मधोमध, दोघांच्या हाताच्या आधारात. मी यंदा प्रत्येकाला असंच सांगणार आहे, आणि शाळेच्या दारावर पाटी लावतोय. ओळ एकच : मूर्ती मागच्या सीटवर, पुढे एअरबॅग आहे.

---

चष्मिश | ४ ऑगस्ट, सकाळी ८.१०

पाटीचा फोटो टाका, मी आमच्या वाडीच्या ग्रुपवर पाठवतो.

---

सड्यावरची | २९ ऑगस्ट, रात्री ९.३०

गौरी यायच्या आधी हे लिहून टाकते.

गोनिओस्कोपी झाली. कोन जवळजवळ अर्धा फाटलेला आहे. प्रेशर सध्या १६, म्हणजे ठीक. आता तीन महिन्यांनी आणि मग दर वर्षी बघायचं. लेझरच्या खुणा पक्क्या बसल्यात. जवळचं वाचताना डावा डोळा अजून मागे पडतो. बाहुली उजव्यापेक्षा थोडी मोठी राहिली आहे, ती कदाचित तशीच राहील म्हणाले. चतुर्थीला माहेरची माणसं आली तेव्हा सगळ्यांनी ती पाहिली आणि कुणी काही बोललं नाही.

नवी गाडी आली. एअरबॅग सहा आहेत, सगळ्या चालू. मिस्टरांनी टेप आणून आधी माझं अंतर मोजलं, १९ सेंमी भरलं. सीट दोन खाचा वर, पाठ मागे, स्टेअरिंग खाली, असं करत करत २६ वर आणलं. क्लच थोडा लांब पडतो, सवय होतेय.

आणि माती_आणि_रंग दादा, आमचा गणपती यंदा मागे बसून आला. एका बाजूला सासरे, एका बाजूला माझा मुलगा, दोघांनी पाट धरलेला. सासऱ्यांना आधी पटलं नव्हतं. मग मी त्यांना माझा डोळा जवळून दाखवला. गाडीत पाण्याच्या दोन-दोन लिटरच्या दोन बाटल्या कायम ठेवल्या आहेत. त्या गडग्याजवळच्या आजींना मोदक द्यायला थांबलो होतो. त्यांनी विचारलं, बाई, तेव्हा कळशी पुरली नव्हती काय?